डिजिटल फोनो स्टेजवर आवाज पुन्हा पुन्हा फाटतो, गुणगुणतो, पातळ होतो: कारण कुठे शोधायचे आणि यंत्र कोणते घ्यायचे

नवा डिजिटल फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवून आकड्यांत बदलणारे यंत्र, जोडला. पहिल्या दोन रेकॉर्डी छान वाजल्या, तिसरीवर ट्रम्पेट चढला आणि आवाज फाटला. सुई पुसली, ट्रॅकिंगचे वजन पाव ग्रॅमने वाढवले, रेकॉर्ड धुतली. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल तयार करणारा भाग) बदलले की हे दुखणे हमखास परत येते.

मूळ जवळजवळ नेहमी एकाच जागी असते: कार्ट्रिजच्या पिना आणि अॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर यांच्या मधल्या टप्प्यात. आरआयएए कर्व्ह (रेकॉर्ड कापताना दाबलेला बास आणि उचललेले वरचे स्वर पूर्ववत करणारी दुरुस्ती), क्लिक काढणे, मोनो, टोन ही सगळी कामे आकड्यांत बिनचूक होतात. पण कन्व्हर्टरच्या अलीकडे सिग्नल कापला गेला, चुकीच्या लोडवर (इनपुट कार्ट्रिजवर टाकते त्या विद्युत भारावर) वाजला किंवा त्यात गुणगुण शिरली, तर पलीकडचे कुठलेही सॉफ्टवेअर तो पूर्ववत करू शकत नाही. म्हणून दोष शोधताना आणि यंत्र निवडतानाही आधी इनपुट बघायचे, मेनूतल्या सोयी त्यानंतर.

जोरकस जागी आवाज फाटतो

आधी क्लिपिंग (मर्यादेपलीकडच्या सिग्नलचे माथे छाटले जाणे) आहे की सुईची पकड सुटते आहे, हे ठरवा. फाटणारी जागा पुन्हा वाजवा आणि इनपुटचा गेन (सिग्नल किती पट वाढवला जातो ते) ६ डीबीने, म्हणजे निम्म्यावर, कमी करा. लक्षात घ्या, गेन इनपुटचा कमी करायचा आहे, आवाजाचा नॉब फिरवून काही कळणार नाही. फाटणे गेले तर कन्व्हर्टर किंवा त्याआधीचा अॅम्प्लिफायर भरून वाहत होता. जसेच्या तसे राहिले तर दोष सुई, अलाइनमेंट, अँटिस्केटिंग (आर्मला आत ओढणारा जोर तोलणारे बल) किंवा झिजलेली खोबण यांत आहे. पकड सुटण्याचा त्रास रेकॉर्डच्या आतल्या गाण्यांत वाढत जातो. क्लिपिंगला बाहेरचे-आतले काही नसते, जिथे जोर तिथे ते येते.

इथे पुष्कळ जण एका मीटरवर विसंबून फसतात. पूर्ण डिजिटल पद्धतीच्या यंत्रात सिग्नल सपाटच वाढवला जातो, कन्व्हर्टरमध्ये जातो आणि आरआयएए त्यानंतर लागते. मीटर बहुधा आरआयएएनंतरची पातळी दाखवतो. आरआयएए १० किलोहर्ट्झला १३.७ डीबीने खाली ओढते. त्यामुळे कन्व्हर्टरमध्ये झांजेचा ठोका छाटला गेला तरी मीटर उणे १० वर निवांत बसलेला दिसतो. लाल दिवा लागत नाही आणि माणूस सुईला दोष देत राहतो. यंत्रात इनपुट मीटर निराळा असेल तर तोच बघा. नसेल तर आरआयएए बंद करून सपाट सिग्नल रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाटलेली जागा इतकी मोठी करून बघा की एकेक नमुना (सिग्नलचे एकेक मोजमाप) ठिपक्यासारखा दिसेल. लाटेचा माथा कात्रीने कापल्यासारखा सरळ असेल आणि चार-सहा ठिपके एकाच रेषेवर बसलेले असतील, तर ते क्लिपिंग.

आता हिशेब. समजा एमएम (हलत्या चुंबकाचे) कार्ट्रिज ५ सेंटीमीटर प्रति सेकंद वेगाला ५ मिलिव्होल्ट देते. जोरात कापलेल्या रेकॉर्डवर शिखरे त्याच्या १८ डीबी वर, म्हणजे सुमारे आठपट जाऊ शकतात. म्हणजे ४० मिलिव्होल्ट. नेहमीचा ४० डीबी गेन म्हणजे शंभरपट, तेव्हा कन्व्हर्टरसमोर ४ व्होल्ट येतात. कन्व्हर्टरची मर्यादा २ व्होल्ट असेल तर निम्मा सिग्नल गेला. तोच गेन ३० डीबी ठेवला तर सव्वा व्होल्ट होतात आणि वर ४ डीबी जागा उरते. अॅनालॉग फोनो स्टेजला ४० डीबी चालतात, कारण तिथे ४० हा आकडा फक्त १ किलोहर्ट्झचा असतो आणि १० किलोहर्ट्झला प्रत्यक्ष गेन २६ डीबीच्या आसपास येतो. सपाट गेनमध्ये वरच्या स्वरांना ही सवलत मिळत नाही. ओरखड्याचा क्लिक तर जवळजवळ सगळा वरच्याच स्वरांचा असतो, म्हणून तो आधी छाटला जातो.

गेन बसवायची रीत अशी. संग्रहातली सगळ्यांत जोरात कापलेली रेकॉर्ड घ्या; ४५ वेगाची १२ इंची असेल तर उत्तम. इनपुट मीटरवर संगीताची शिखरे उणे १० ते उणे ६ यांच्या मध्ये ठेवा. क्लिक उणे ३ पर्यंत गेले तरी बिघडत नाही. आवाज लहान झाला म्हणून गेन परत वाढवू नका, अॅम्प्लिफायरचा नॉब फिरवा. २४ बिटांच्या चांगल्या कन्व्हर्टरचा प्रत्यक्ष आवाका ११० डीबीच्या पुढे असतो आणि रेकॉर्डची स्वतःची खरखर त्याच्या कितीतरी वर. १० डीबी जागा मोकळी सोडून काहीच गमावत नाही. सोळा बिटांच्या काळात मीटर शून्याला टेकवायची सवय लागली, ती इथे सोडून द्यावी.

काही यंत्रे आरआयएए वाटून घेतात: ७५ मायक्रोसेकंदांचा वरचा उतार अॅनालॉगमध्ये, ३१८ आणि ३१८० मायक्रोसेकंदांचा खालचा भाग आकड्यांत. क्लिक कन्व्हर्टरपर्यंत पोचण्याआधीच मवाळ होतो आणि इनपुटला जागा मिळते. निवड करायची वेळ आली तर या रचनेला झुकते माप द्यावे.

आवाज पातळ, पत्र्यासारखा. किंवा उलट, घुमणारा आणि मंद

हे दोन टोकांचे दोष एकाच चुकीचे आहेत. आरआयएए एकदाच लागायला हवी. एकदाही लागली नाही तर बास नाहीसा होतो आणि स, श, झांजा कानाला टोचतात. दोनदा लागली तर बास घुमतो आणि वरचे स्वर घोंगडीखालून आल्यासारखे वाटतात.

दोनदा लागण्याचे नेहमीचे कारण म्हणजे टर्नटेबलमधला प्रीअॅम्प. मागच्या बाजूला किंवा प्लॅटरखाली फोनो आणि लाइन असा छोटा स्विच असतो. तो फोनोवर हवा. लाइनवर राहिला तर ५ मिलिव्होल्टच्या जागी दीडशे-दोनशे मिलिव्होल्ट येतात आणि घुमण्याबरोबर भयंकर क्लिपिंगही होते. घुमणे आणि फाटणे एकत्र आले की आधी हा स्विच बघा. दुसरे कारण सॉफ्टवेअरमधले: यंत्र यूएसबीवर आरआयएए लावलेला सिग्नल पाठवते आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर तीच पुन्हा लावते. सपाट रेकॉर्डिंग करत असाल तर फाइलच्या नावातच 'सपाट' लिहा. वर्षभराने ती फाइल उघडल्यावर काय लावले होते ते आठवत नाही.

वरचे स्वर टोचतात, पण बास ठीक आहे

हा आरआयएएचा दोष नाही, कपॅसिटन्सचा (केबल आणि इनपुट यांच्या वीज साठवून धरण्याच्या क्षमतेचा) आहे, आणि एमएम कार्ट्रिजच्या लोकांना सगळ्यांत जास्त छळणारा हाच. एमएमच्या गुंडाळीचा इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) मोठा असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईचा ५५० मिलिहेन्री आहे. केबल आणि इनपुट यांच्या कपॅसिटन्सशी मिळून त्याचा एक अनुनाद तयार होतो. एकूण २०० पिकोफॅरड असतील तर तो १५ किलोहर्ट्झच्या थोडा वर बसतो. टोनआर्मची वायर आणि केबल यांचे १५०, त्यात फोनो स्टेजचे आतले २२० मिळून ३७० झाले की तो ११ किलोहर्ट्झवर उतरतो. तिथे स्वर उठतात आणि त्यापुढे कड्यासारखे कोसळतात. कानाला ते आधी टोचतात आणि मग त्यांत हवा उरत नाही.

व्हीएम९५ मालिकेसाठी १०० ते २०० पिकोफॅरड सांगितलेले आहेत, ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेसाठी १५० ते ३००. हा आकडा एकूण लोडचा असतो. त्यातून केबल वजा केली की इनपुटला किती उरले ते कळते, आणि बऱ्याचदा उत्तर ५० किंवा शून्य येते.

केबल मोजायची असेल तर कार्ट्रिजच्या पिनांवरच्या क्लिपा काढा, प्लग फोनो स्टेजमधून उपसा आणि कपॅसिटन्स मोजणारा एलसीआर मीटर प्लगची मधली पिन व बाहेरची कडी यांना लावा. क्लिपा एकमेकींना टेकू देऊ नका. कार्ट्रिज जोडलेले ठेवून मीटर लावू नये. वाचन चुकते आणि बारीक गुंडाळीतून नको तो करंट जातो. साधारण टर्नटेबलवर शंभर ते दोनशेच्या मधला आकडा येतो. केबल लांब असेल तर ती आखूड करणे हा सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

डिजिटल यंत्राच्या मेनूत 'लोड' असे दिसले की आत काय घडते ते विचारा. काहींत रिले किंवा छोटे स्विच खरेच रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडतात. काहींत इनपुटचा लोड पक्का असतो आणि लोड बदलल्यावर स्वरांत पडणारा फरक गणिताने उभा केला जातो. दुसरी पद्धत टाकाऊ नाही, पण ती तुमच्या कार्ट्रिजच्या अंदाजावर चालते. आधीच ३७० पिकोफॅरड जोडलेले असतील तर तिथला कोसळलेला भाग गणिताने वर उचलताना खरखरही वर येते. म्हणून इनपुटचा मूळ कपॅसिटन्स कमी, शंभरच्या आत असलेले यंत्र बरे. कमी असला तर वाढवता येतो, आतला कमी करता येत नाही.

एमसी (हलत्या गुंडाळीच्या) कार्ट्रिजसाठी कपॅसिटन्सची काळजी करू नका. तिथे रेझिस्टर महत्त्वाचा. डेनॉनच्या डीएल-१०३ची अंतर्गत इम्पीडन्स ४० ओहम आणि आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. १०० ओहम लोडवर २.९ डीबी सिग्नल कमी होतो, १ किलोओहमवर जेमतेम ०.३ डीबी. लोड बदलल्यावर 'आवाज खुलला' असे वाटते, तेव्हा त्यात हे अडीच डीबीही असतात. तुलना करताना पातळी आधी सारखी करून घ्या.

गुणगुण

कोणत्या सुराची आहे ते आधी ऐका. ५० किंवा ६० हर्ट्झचा खर्जातला मऊ घूं असेल, तर ग्राउंडची वायर सुटली आहे किंवा जवळ ट्रान्सफॉर्मर आहे. कर्कश, माशीसारखी भणभण असेल तर ग्राउंड लूपचा (दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या ग्राउंडच्या वेटोळ्याचा) संशय घ्या. बारीक, स्थिर शिट्टी १ किंवा ८ किलोहर्ट्झच्या जागी असेल तर ती यूएसबीची: यूएसबी दर मिलिसेकंदाला एक फ्रेम पाठवते आणि हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांना एक, तोच ठेका वीजपुरवठ्यातून आत शिरतो.

शोधायचा क्रम:

१. टर्नटेबलचे प्लग काढून इनपुटला शॉर्टिंग प्लग (आतून पिन आणि कडी जोडलेला रिकामा प्लग) लावा. गुणगुण गेली तर दोष टर्नटेबल, केबल किंवा जागेत. राहिली तर यंत्र, त्याचा अॅडॉप्टर किंवा पुढचे जोड.

२. ग्राउंडची वायर फोनो स्टेजच्याच स्क्रूला लावा, अॅम्प्लिफायरला नाही.

३. मोटर बंद ठेवून टोनआर्म हाताने उचलून, सुई न टेकवता, रेकॉर्डवरून आत-बाहेर न्या. गुणगुण जागेनुसार कमी-जास्त झाली तर चुंबकीय क्षेत्र आहे. अॅम्प्लिफायर किंवा अॅडॉप्टर अर्धा मीटर सरकवा.

४. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर लूप यूएसबीतून आहे.

५. एकाच बाजूला असेल तर हेडशेलच्या क्लिपा बघा. पांढरी डावी, निळी डावीची ग्राउंड, लाल उजवी, हिरवी उजवीची ग्राउंड. सैल क्लिप टूथपिकवर चढवून हलकेच आवळा.

लूप तोडायला ऑप्टिकल जोड सगळ्यांत साधा, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकच्या तंतूतून विजेचा प्रवाह जातच नाही. त्याची मर्यादा बऱ्याच यंत्रांवर ९६ किलोहर्ट्झ असते आणि रेकॉर्डींसाठी ती पुरते. यूएसबी आयसोलेटर (दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडणारा जोड) घेणार असाल तर वेग तपासा. १२ मेगाबिटचा फुल-स्पीड आयसोलेटर २४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओला पुरतो, त्याला ४.६ मेगाबिट लागतात. १९२ किलोहर्ट्झला ९.२ लागतात आणि फुल-स्पीडवर ऑडिओच्या एका प्रवाहाला (आयसोक्रोनस एंडपॉइंटला) ८.२ च्या आतच जागा मिळते, तेव्हा ते चालत नाही.

आणि एक गोष्ट कोणीही सांगितली तरी करू नका: गुणगुण घालवण्यासाठी विजेच्या प्लगची अर्थिंग पिन तोडू किंवा झाकू नये. गुणगुण जाईलही, पण यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगावर वीज येते आणि ती टोनआर्म धरलेल्या हातातून जाते.

टिक-टिक: रेकॉर्डमधली की आकड्यांतली?

घड्याळ लावा. ३३⅓ वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा, ४५ ला १.३३ सेकंदांचा. टिक त्या अंतराने येत असेल तर ओरखडा आहे. आर्म उचलल्यावरही येत असेल, किंवा दर काही मिनिटांनी ठरावीक वेळाने येत असेल, तर दोन घड्याळांचा झगडा आहे: आत येणारा सिग्नल फोनो स्टेजच्या घड्याळावर आणि बाहेर वाजणारा डॅकच्या (आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या यंत्राच्या) घड्याळावर. दोन्हींत दहा लाखात ५० चा फरक असेल तर ९६ किलोहर्ट्झला सेकंदाला ४.८ नमुने उरतात. १०२४ नमुन्यांचा बफर साडेतीन मिनिटांत भरतो किंवा रिकामा होतो, आणि टिक. बफर मोठा केल्याने टिक लांबते, जात नाही. डॅकला बाहेरच्या घड्याळावर चालवा किंवा मधे असिंक्रोनस रीसँपलिंग (एका घड्याळाचे नमुने दुसऱ्याच्या वेगात बसवणे) चालू करा.

क्लिक काढण्याची सोय वापरायची तर तिची धार कमीत कमी ठेवून सुरुवात करा आणि 'काढलेला भाग ऐका' अशी सोय असेल तर ती लावा. त्यात फक्त कडकड ऐकू यायला हवी. ट्रम्पेटची सुरुवात किंवा तबल्याच्या चाटीचा तुकडा ऐकू आला तर धार जास्त झाली.

वूफर पोटासारखा हलतो

वाकडी रेकॉर्ड ०.५६ हर्ट्झच्या पटीत हलते आणि टोनआर्म-कार्ट्रिजचा अनुनाद ८ ते १२ हर्ट्झला असावा लागतो. २० हर्ट्झखाली १८ डीबी प्रति सप्तकाचा सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे खालचे स्वर कापणारा) लावा. सपाट इनपुटचा इथे फायदा आहे: आरआयएएचा बास कन्व्हर्टरनंतर वाढतो, त्यामुळे हे हेलकावे कन्व्हर्टरची जागा खात नाहीत.

घ्यायचेच असेल तर

पार्क्स ऑडिओच्या पफिनसारखी खास फोनोसाठी बनवलेली डिजिटल यंत्रे बाजारात आलेली आहेत, आणि आरएमईच्या एडीआय-२/४ प्रो एसईसारखी, मुळात कन्व्हर्टर असून आरआयएए करणारीही. नाव कुठलेही असो, माहितीपत्रकात आधी हे शोधा: इनपुट किती मिलिव्होल्टपर्यंत न छाटता घेते, गेन किती पायऱ्यांत आणि कन्व्हर्टरच्या आधी बदलतो का, मूळ कपॅसिटन्स किती, आरआयएएच्या आधीचा मीटर आहे का. 'क्लिपिंगपर्यंत' हा आकडाच छापलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

त्यानंतर एमसीसाठी ६० डीबीच्या आसपास गेन, १०० ओहमपासून ४७ किलोओहमपर्यंत लोड, खरा मोनो आणि प्रत्येक कार्ट्रिजची वेगळी मेमरी. मोनो रेकॉर्ड मोनोत वाजवली की सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर कटते आणि तो फरक लगेच ऐकू येतो. सँपलिंग ९६ किलोहर्ट्झ असावे. ४४.१ वर केलेल्या साध्या डिजिटल आरआयएएचा कर्व्ह शेवटच्या सप्तकात वाकडा जाऊ शकतो, ९६ वर ती चूक ऐकू येण्याच्या पलीकडे सरकते.

१९५४ च्या, म्हणजे आरआयएए येण्याच्या, आधीच्या रेकॉर्डी असतील तर कर्व्ह बदलण्याची सोय खरोखर उपयोगी आहे, आणि अॅनालॉगमध्ये ती महाग पडते. १० किलोहर्ट्झला एईएस (आणखी एक जुना कर्व्ह) १२ डीबी उतरते, आरआयएए १३.७, जुना कोलंबिया एलपी १६. आरआयएएवर मंद वाटणारी एलपी एईएसवर उघडू शकते. ७८ च्या तबकड्यांना कर्व्हच्या आधी सुई बदला. त्यांची खोबण रुंद असते आणि एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते.

बसवून झाले की प्रत्येक कार्ट्रिजसाठी गेन, लोड, केबलचा मोजलेला कपॅसिटन्स आणि सगळ्यांत जोरकस रेकॉर्डवरचे इनपुट शिखर एका चिठ्ठीवर लिहून टर्नटेबलखाली चिकटवा. फर्मवेअर बदलल्यावर मेमरी पुसली जाऊ शकते, चिठ्ठी जात नाही.